नियोजित वाचनालय, बेंबळी

समजा, बेंबळीत नवं सार्वजनिक वाचनालय बांधायचं ठरलं. नुसतं वाचनालय नव्हे, हल्लीच्या रिवाजाप्रमाणे संकुल. एका छपराखाली वाचनालय, सभागृह, अभ्यासिका, बचत गटाची खोली, ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र, म्हाताऱ्यांना बसायला जागा आणि जमलंच तर चहा. ‘समजा’ म्हणतोय ते एवढ्यासाठी, की लेखात बांधलेल्या इमारतीला टेंडर लागत नाही आणि पहिल्या पावसात ती गळतही नाही.

बेंबळी हे काही आडबाजूचं खेडं नाही. धाराशिव तालुक्यातलं मोठं गाव, स्वतःचं पोलीस ठाणं असलेलं. ज्या गावाला पोलीस ठाणं आहे तिथं आसपासच्या खेड्यांचा राबता आपोआप असतो. बांधाचं भांडण घेऊन आलेला माणूस साहेब येईपर्यंत दोन-दोन तास बसून असतो. त्या वेळात त्याच्या हातात कोणी बरं पुस्तक दिलं, तर भांडण मिटणार नाही, पण तक्रारीचं मराठी सुधारेल. तेव्हा वाचकांची चिंता नाही. चिंता जागेची.

जागेचा विषय निघाला की ग्रामसभेत पहिलं नाव येतं ते गायरानाचं. गायरान फुकट असतं. ते गावापासून लांब, ओढ्याच्या पलीकडं, स्मशानभूमीच्या वाटेवर असतं ही बाब गौण.

“मोकळी हवा हाय, शांतता हाय,” एकजण म्हणणार.

“शांतता तर लई हाय,” मागून आवाज येणार. “आजपतोर तिथं नेलेला एकबी बोलला न्हाई.”

मग कोणीतरी जुन्या समाजमंदिराची आठवण काढतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावातलं समाजमंदिर उघडून बघा. आत मांडवाचे बांबू, गणेश मंडळाचे दोन कर्णे, जयंतीच्या मिरवणुकीतला लाकडी रथ, कुणाच्या तरी खताच्या गोण्या, मतदानाच्या वेळी आणलेलं आणि परत न्यायचं राहिलेलं एक टेबल. बाहेरच्या ओट्यावर तुरी वाळत घातलेल्या. भिंतीवर ‘येथे बसू नये’ आणि त्याखाली बसलेले चौघे. पुण्या-मुंबईचे नियोजनकार ‘बहुउद्देशीय सामुदायिक केंद्र’ म्हणून ज्याच्यावर शिबिरं घेतात, ते हेच. फक्त याचा आराखडा कोणी काढला नाही, ते आपोआप बहुउद्देशीय होत गेलं. त्यातला एकही उद्देश हलवायची सरपंचाची टाप नाही.

शेवटी जागा ठरते पाराजवळ, स्टँडच्या अंगाला. माझ्या मते हाच या सगळ्या प्रकरणातला एकमेव शहाणा निर्णय, आणि तो दुसरीकडं जमलं नाही म्हणून झालेला असतो. माणसं जिथं आधीच बसलेली आहेत तिथं वाचनालय न्यावं. वाचनालय असेल तिथं माणसं जातील, ही आशा कपाटं विकणाऱ्यांची.

नावाबद्दल फार लिहीत नाही. नावावर एक ग्रामसभा तहकूब होते, दुसरी वादळी होते आणि तिसरीला कोरम भरत नाही. अखेर ‘सार्वजनिक वाचनालय’ एवढंच नाव उरतं, कारण ‘सार्वजनिक’ नावाच्या माणसाचा गावात कोणी भाऊबंद नसतो.

आता आर्किटेक्ट. तो पुण्याहून येतो आणि लॅपटॉपवर रंगीत चित्र दाखवतो. चित्रात काचेची इमारत असते. पुढं हिरवळ. हिरवळीवर एक गोरी मुलगी फुगा घेऊन धावत असते, एक बाई लॅपटॉप मांडीवर घेऊन एकटीच हसत असते आणि एक सूट घातलेला गृहस्थ कुठं तरी लगबगीनं निघालेला असतो. बेंबळीत सूट घालून लगबगीनं निघालेला माणूस म्हणजे नवरदेवच. तोही इतका पुढं बघत नसतो.

“ही हिरवळ कशाची म्हणायची?” एक आबा विचारतात.

“लॉन आहे, आजोबा.”

“तसं न्हवं. पाणी कशाचं?”

प्रश्न रास्त आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजायची सवय आहे, तिथं गवत प्यायला बसवलं तर गावानं कुणाकडं बघायचं? शिवाय चित्रात एकही शेळी नाही. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, पण शेळीचं नाव अजून उस्मानाबादीच आहे. काळीभोर, लांब कानाची आणि जुळी करडं देण्यात नावाजलेली ही जात देशभर गेली. ती आपल्याच गावच्या लॉनवर येणार नाही असं मानणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यातला प्रकार. ती येणार, हिरवळ संपवणार, मग नोटीस बोर्डावरचा खळ लावलेला कागद खाणार आणि दार उघडं दिसलं तर थेट ‘नवीन आवक’च्या मांडणीपर्यंत जाणार. दाराला गुडघ्याएवढं जाळीचं फाटक हवं, हे कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही.

परदेशाचा विषय आर्किटेक्टच काढतो. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, 2018च्या डिसेंबरात ‘ओडी’ नावाचं वाचनालय उघडलं. थेट संसदेच्या समोर. तीन मजली. खालच्या मजल्यावर उपाहारगृह आणि सिनेमाचं थिएटर. मधल्या मजल्यावर शिलाई मशिनी, वस्तू छापून काढणारी यंत्रं, गाणं-बजावणं करायच्या खोल्या, स्वयंपाकघर. पुस्तकं सगळ्यात वर. हे ऐकून पुण्यात लोक भारावतात. बेंबळीत मात्र सभेत एकदम ओळखीचं वारं सुटतं.

“म्हणजे मशिनी ठेवल्या तर चालतंय ना?” बचत गटाच्या ताई विचारतात. त्यांनी खोलीसाठी केलेला अर्ज ग्रामपंचायतीत कधीचा पडून आहे. त्यात मशिनीच मागितल्या होत्या. तेव्हा त्यांना ‘वाचनालयात शिवणकाम कसं?’ असं सुनावण्यात आलं होतं. फिनलंडनं त्यांची बाजू घेतल्यावर ग्रामसेवकाला खाली बघावं लागतं. मग धीर येऊन बाकीचेही पुढं सरसावतात. तालमीच्या पोरांना माती आणि आरसा हवा. भजनी मंडळाला पेटी-पखवाज ठेवायला कुलपाची खोली हवी. संत गोरोबाकाकांचं तेर याच तालुक्यातलं, तेव्हा त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नाही. डेअरीवाल्याला फॅट काढायचं मशीन सावलीत हवं. लग्नासाठी सभागृह तर हवंच, आणि सभागृहाला लागून आचाऱ्याला चूल पेटवायला मागची बाजू.

“आणि पुस्तकं?” निवृत्त गुरुजी विचारतात.

“बसतेत की ओ गुरुजी. जिन्याखाली लई जागा हाय.”

गुरुजींचा पुस्तकांवर जीव. 2020च्या जानेवारीत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या अध्यक्षतेखाली 93वं साहित्य संमेलन आपल्या जिल्ह्याच्या गावी भरलं, तेव्हा घेतलेली पुस्तकं त्यांच्याकडं अजून दुकानाच्या पिशवीसकट आहेत. वाचनालय झालं की द्यायची म्हणून ती वाचायचीही ठेवलीत. वापरलेलं देऊ नये, हा त्यांचा शिरस्ता.

इथपर्यंत गंमत. छताशी आलं की सभा गप्प होते.

या भागात छताचा विषय नुसता खर्चाचा नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं नुकती निजलेली असताना, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांतली गावं बसली. माणसं मेली ती बव्हंशी स्वतःच्याच घराखाली. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद, त्यावर दर वर्षी टाकलेला मातीचा थर. ते माळवद एप्रिल-मेच्या उन्हात घर थंड ठेवायचं. त्याच वजनानं त्या रात्री घात केला. त्यानंतर या पट्ट्यातल्या पुष्कळ माणसांनी डोक्यावर पत्रा पत्करला. पत्रा पडला तरी माणूस उठून बसतो. फक्त तो दुपारी तापतो, आणि पावसात त्याखाली कोणी मोठ्यानं वाचलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही.

म्हणजे आर्किटेक्टची खरी परीक्षा काचेत नाही, इथं आहे. आबांना काँक्रीटचा स्लॅब म्हटला की खांब किती हे विचारायचं असतं, आणि दाराच्या वरून चारी भिंतींना पट्टा फिरवलाय का, हेही. भूकंपानंतर गावोगाव आलेल्या इंजिनिअरांनी हे शब्द इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी बसवलेत. लिंटेल बँडवर इतक्या अधिकारानं बोलणारे धोतरवाले तुम्हाला पुण्यात मिळायचे नाहीत. त्यांना अजून एक गोष्ट सुचते, जी चित्रात नसते. पुस्तकांची उंच लोखंडी कपाटं भिंतीला बोल्टनं आवळलेली हवीत. “ज्ञान डोक्यात जावं,” आबा म्हणतात, “डोक्यावर पडू नये.” काळ्या मातीत पाया किती खोल न्यायचा, यावरही सभेत तीन मतं निघतात. काळं रान पावसात फुगतं, उन्हाळ्यात भेगाळतं, हे शेतकऱ्याला शिकवायला लागत नाही.

पट्ट्याचं, पायाचं एकमत झालं की घोडं पेंड खातं ते शांततेपाशी.

प्रत्येक वाचनालयात ‘शांतता राखा’ची पाटी असते. बेंबळीचं खरं वाचनालय आज केस कापायच्या दुकानात चालतं, आणि तिथं शांतता राखली तर ते बंद पडेल. सकाळी आठला तिथं जाऊन बसा. एकच पेपर असतो, लोकमत, पुण्यनगरी नाही तर लातूरचा एकमत. त्याची पानं पहिल्या पाच मिनिटांत सुटी होतात. पहिलं पान बाकावरच्या ज्येष्ठाकडं. जिल्ह्याचं पान त्याच्या शेजाऱ्याकडं. तो आधी निधनवार्ता बघतो, मग बाजारभाव. सोयाबीनचा भाव तो मोठ्यानं वाचतो, म्हणजे खुर्चीत साबण लावून बसलेल्या गिऱ्हाइकालाही कळावा. गिऱ्हाईक साबणाच्या आतून ‘हूं’ म्हणतं. खेळाचं पान पोरांकडं. राशिभविष्याचा तुकडा आरशाच्या फटीत खोवलेला, तिथं ज्यानं-त्यानं उभं राहून वाचायचा. कोणाला एखादी बातमी अर्ध्यावर ‘पान 5 वर’ गेलेली दिसली, की तो पान 5 कोणाकडं आहे ते विचारतो आणि पान 5वाला उरलेली बातमी वाचून दाखवतो. ज्याला अक्षरओळख नाही तो माणूसही इथून सगळा पेपर ऐकून उठतो. दाढी वेगळी. वाचकाचा वेळ वाचवा, असं भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली आपल्या पाच सूत्रांत सांगून ठेवलं. एका बैठकीत दाढी आणि दैनिक उरकणाऱ्या या दुकानाला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

म्हणून माझं म्हणणं, नव्या वाचनालयात एक खोली बोलायची असावी. भरपूर दार-खिडक्या, बाहेर ओटा, बाकडी, आणि मोठ्यानं वाचायला मुभा. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागायची. गश्ती निशाण 53 या हुकमाचा तो काच. तेव्हा वाचनालय हेच माणसांना जमायला निमित्त होतं. परभणीचं गणेश वाचनालय 1901 सालचं, म्हणजे मराठवाडा 17 सप्टेंबर 1948ला मोकळा झाला त्याच्या कितीतरी आधीचं. पुस्तकाच्या आडोशानं चार माणसं एकत्र बसत आणि पुस्तकात नसलेलंही बोलत. तेव्हा वाचनालय म्हणजे गावाची बैठक, हा शोध काही फिनलंडनं लावलेला नाही.

दुसरी खोली मात्र कडकडीत शांततेची, आणि तीच कायम भरलेली असणार. अभ्यासिका. तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी. पोरं पहाटे रस्त्यावर धावतात, आंघोळ करून येतात आणि रात्री कोणी दिवे घालवेपर्यंत उठत नाहीत. त्यांना कादंबरी नको, कविता नको. त्यांना खुर्ची, प्लग, थंड पाणी आणि लाइट गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर पाहिजे. गुरुजी यावर हळहळतात. पोरं वाचनालयात येऊन स्वतःचंच पुस्तक वाचतात, म्हणतात. मला यात हळहळण्यासारखं दिसत नाही. घरात दोन खोल्या, सहा माणसं आणि एक टीव्ही असताना ज्याला स्वतःचं पुस्तक वाचायला जागा मिळाली, त्याला वाचनालयानं अर्ध्याहून जास्त दिलं. उरलेलं पुस्तक नंतर वाचेल. नोकरी लागल्यावर वाचायचं राहून जातं, तो भाग वेगळा.

राहिल्या बाया. आराखड्यात त्या फक्त मांडीवर लॅपटॉप घेऊन हसताना होत्या. प्रत्यक्षात वाचनालयाचं दार पाराकडं तोंड करून असेल, तर गावातली एकही सून आत पाऊल टाकणार नाही, कारण पारावर सासऱ्याच्या वयाची आठ माणसं बसलेली असतात. त्यांच्यासमोरून डोक्यावरचा पदर सावरत पुस्तक बदलायला जायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत घरी निरोप, “सूनबाई लई वाचायला लागल्यात.” शिवाय वाचनालयांची ठरीव वेळ कोणती? सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे नेमक्या भाकरी टाकायच्या वेळा. हे वेळापत्रक ज्यानं केलं त्यानं जन्मात चुलीपुढं बसून पाहिलेलं नाही. बेंबळीच्या आराखड्यात मला एवढंच हवंय: शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या बाजूनं उघडणारं दुसरं दार, आणि दुपारी दोन ते चार ते हटकून उघडं. पोराला आणायला निघालेली बाई कुठं चालली, हे पार विचारत नाही. ताईंच्या शिलाई मशिनीही त्याच बाजूला ठेवाव्यात. ब्लाउज शिवून होईपर्यंत शेजारणीनं काय केलं, हा हिशेब कोणी मागत नाही.

एवढं सगळं होऊन इमारत उभी राहिली असं धरू. फीत कापली, फोटो झाले, कोनशिलेवर बारा नावं आली, त्यांत वाचनालयाचं नाव सगळ्यात बारीक. आता पुस्तकं येतात. पहिल्या खेपेला दानाची. गावकरी मन मोठं करतात आणि माळ्यावरून उतरवतात: जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, पानं चिकटलेले दिवाळी अंक, एका कंपनीच्या डायऱ्या, पहिला भाग नसलेल्या कादंबरीचा दुसरा भाग. दुसऱ्या खेपेला खरी पुस्तकं येतात आणि ती काचेच्या कपाटात कुलूपबंद होतात. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हे रंगनाथन यांचं पहिलंच सूत्र. ते गावात कुणाला मान्य नसतं असं नाही. अडचण एवढीच, की पुस्तक हरवलं तर भरपाई सांभाळणाऱ्याच्या खिशातून जाणार आणि तपासणीला रजिस्टर जुळायला हवं. 2012 साली सरकारनं महसूल खात्याची माणसं पाठवून राज्यातल्या वाचनालयांची एकदम पडताळणी करवली, तेव्हा किती तरी वाचनालयं निकषांत बसली नाहीत. तेव्हापासून प्रामाणिक माणूसही पुस्तक देण्यापूर्वी कुलूप लावतो. न वाचलेलं पुस्तक हरवत नाही. वाळवी लागते, पण वाळवीनं खाल्लेलं नियमात निर्लेखित करता येतं.

आणि म्हणून या संकुलाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आराखड्यात दाखवलेलाच नसतो. तो म्हणजे किल्ली. ती कोणाकडं आहे, तो माणूस आज रानात गेलाय की बाजाराला, त्याच्या बायकोला किल्ली कुठं टांगलीय हे ठाऊक आहे का, यावर हेलसिंकी आणि बेंबळी यांतलं अंतर ठरतं. इमारतीसाठी आमदार निधी मिळतो, रंगासाठी वर्गणी मिळते, कपाटं कोणीतरी आईच्या स्मरणार्थ देतं. दार रोज वेळेवर उघडणाऱ्या माणसाचा पगार मात्र कोणी स्मरणार्थ देत नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि गावचं नवं वाचनालय मान्यता मिळून सरकारी यादीत आलंच, तर ड वर्गात येतं. या वर्गाचं अनुदान वर्षाला 30 हजार होतं. 2022 साली ते 60 टक्क्यांनी वाढवलं, म्हणजे 48 हजार झालं. त्यातलं निम्मं पगारासाठी. भागून बघा: त्या हिशेबानं किल्लीवाल्याच्या वाट्याला महिन्याला दोन हजार रुपये आले. बेंबळीत कोणी हौशी, दानशूर माणूस हा लेख वाचत असेल, तर त्यानं कृपा करून कपाट देऊ नये. याच्यात भर घालावी.